भोंडल्यातील गूढार्थ

आश्विन लागला की वांद्र्याच्या पूर्वेकडील आमच्या वसाहतीत भोंडला मांडला जातो. इमारतींच्या मधल्या अंगणात एक पाट ठेवतात, त्यावर तांदळांनी हत्ती काढतात, त्यास झेंडूची माळ घालतात, आणि वसाहतीतील मुली, त्यांच्या आया व आज्या त्याच्याभोवती फेर धरतात. एका बाजूस महामार्गावरील वाहनांचा अखंड घोष, दुसऱ्या बाजूस लोकल गाड्यांचा खडखडाट, आणि मध्ये सासू, नणंद, माहेर व कारली यांची गाणी, असा तो थाट असतो. शेवटी डबे हलवून, वास घेऊन खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम होतो. त्यापूर्वी पाच-दहा मिनिटे वसाहतीतील एका प्राध्यापकाने या प्रथेमागील अर्थ विशद करून सांगावा, असा प्रघात काही वर्षांपूर्वी पडला. तो प्राध्यापक म्हणजे प्रस्तुत लेखक होय.

मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक असल्यामुळे स्वदेशी गोष्टींचा अर्थ सांगण्याची मला विशेष हौस आहे. माझे विवेचन थोडक्यात असे असे. सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो तो साधारणतः सप्टेंबरच्या २७ तारखेस. या नक्षत्राचा पाऊस गडगडाटी, जाता जाता झोडपून जाणारा. त्यास आपले शेतकरी हत्तीचा पाऊस म्हणतात. ज्यास हस्त आहे तो हस्ती. म्हणून पाटावरचा हत्ती हा जलाने भरलेला मेघ होय. यासच काही भागांत हादगा म्हणतात; विदर्भात व खानदेशात तो भुलाबाईच्या रूपाने भाद्रपदी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत चालतो, व तेथे हत्तीच्या जागी शिवपार्वती येतात. म्हणजे सर्वत्र मूळ कल्पना एकच, सुफलनाची. मुलींचा फेर हे ऋतुचक्र. आणि ज्या गाण्यात सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते व सासू तिला आधी कारल्याचे बी लाव, मग कोंब येऊ दे, मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे, असे एकामागून एक सांगत जाते, ते गाणे म्हणजे बीजापासून फलापर्यंतच्या सृष्टिक्रमाचे रूपक. माहेर म्हणजे बीजाने पुन्हा भूमीकडे जाणे. या शेवटच्या वाक्यास हमखास टाळ्या पडत.

गेल्या आश्विनात माझी आई, जी आता ऐंशी वर्षांची आहे, भोंडल्यास खुर्ची टाकून बसली होती. रात्री घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तू सांगतोस ते असेल खरं. तुम्ही शिकलेली माणसं. पण ते गाणं कारल्याचं नाही रे. ते रजेचं आहे."

मी म्हणालो, "रजेचं म्हणजे?"

"रजेचं म्हणजे रजेचं. तुझा कॉलेजातला शिपाई रजा मागतो ना, तसं."

आणि मग तिने जे सांगितले ते मी पन्नास वर्षांहून अधिक काळ तिच्याजवळ राहून कधी ऐकले नव्हते. तिचे लग्न १९६३ साली झाले व ती सांगलीकडच्या घरात सून म्हणून आली. दुसऱ्या वर्षी माघात तिच्या आईच्या दुखण्याचे पत्र आले. तिने सासूबाईंस विचारले; त्या म्हणाल्या, हळद शिजवून होऊ दे. हळद झाली, मग म्हणाल्या, वाळून पोत्यात भरली जाऊ दे. मग पाहुणे यावयाचे होते. मग म्हणाल्या, मामंजींना विचार. मामंजी म्हणाले, त्याला विचार. 'तो' म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, आई म्हणेल तसे. ती माहेरी पोहोचली ती आईच्या दहाव्या दिवशी. त्या वर्षीच्या हादग्यात तिने हे गाणे म्हटले. सासूबाई सोप्यात बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या. "रात्री पानं वाढताना मला म्हणाल्या, मीसुद्धा हे असंच म्हणत होते. एवढंच. पुन्हा कधी विषय निघाला नाही."

हे मी आजवर का ऐकले नव्हते याचे उत्तर साधे आहे. मी विचारले नव्हते. आणि विचारण्याची आवश्यकता मला भासली नव्हती, कारण गाण्याचा अर्थ मला ठाऊक होता.

यातून जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो केवळ लोकवाङ्मयाच्या अभ्यासाचा नसून नीतीचा आहे असे मला वाटते. परंपरेने आलेल्या गाण्यांत व चालीरीतींत आपण गूढ अर्थ शोधतो तेव्हा आपण त्यांचा गौरव करीत असतो, की त्यांनी उघडपणे जे सांगितले आहे ते ऐकण्याचे टाळीत असतो?

गूढार्थाची ही हौस आपलीच आहे असे नव्हे. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात माक्स म्युलरने जगातील पुराणकथांचे मूळ सूर्य, उषा व रात्र यांच्या रूपकात शोधले. ती पद्धती इतकी सर्वसंग्राहक ठरली की १८७० साली लिटलडेल नावाच्या आयरिश धर्मोपदेशकाने तीच पद्धती लावून खुद्द म्युलर हीच एक सूर्यकथा आहे, असे विनोदाने सिद्ध करून दाखविले. विनोद बाजूस ठेवला तरी त्यातील दूषण खरे आहे. जी किल्ली प्रत्येक कुलुपास लागते ती किल्ली नव्हे.

दुसरे उदाहरण इंग्लंडातील मुलांच्या एका खेळाचे. मुले हात धरून फेर धरतात, गुलाबांचे नाव घेतात, शिंकतात व खाली पडतात. हे गाणे म्हणजे १६६५ सालच्या लंडनच्या प्लेगची स्मृती होय, शिंक म्हणजे रोगाचे लक्षण व पडणे म्हणजे मरण, असे आज सुशिक्षित मनुष्य छातीठोकपणे सांगतो. वस्तुतः ते गाणे इंग्लंडात छापून आले १८८१ साली, म्हणजे त्या प्लेगनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. आणि हा प्लेगचा अर्थ प्रचारात आला तो तर दुसऱ्या महायुद्धाच्या पुढे. पीटर व आयोना ओपी या दांपत्याने १९५१ साली बालगीतांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्याच्या कर्त्यांस हा अर्थ पटला नव्हता. पण तो मागे हटला नाही, कारण त्याची गोडी निराळी आहे. मुले खेळत आहेत, आणि त्यांस ठाऊक नसलेले काही मला ठाऊक आहे, ही ती गोडी.

प्लेगची खरी स्मृती लोक कशी ठेवतात हे पाहावयास वांद्रेकरांस लांब जावे लागत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा पश्चिमेकडील जुन्या गावठाणांत, पाखाड्यांच्या तोंडाशी, ख्रिस्ती रहिवाशांनी क्रूस उभारले; त्यांपैकी कित्येक आजही गल्लीच्या वळणावर उभे आहेत व त्यांस फुले वाहिली जातात. त्यांत गूढ काही नाही. रोग आला, माणसे मेली, उरलेल्यांनी देवाचा धावा केला, एवढे ते दगड सांगतात. तीच गोष्ट टेकडीवरच्या मोत माऊलीची. भोंडल्याच्या आधी थोडेच दिवस, आठ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर तिची जत्रा भरते व तेथे सर्व धर्मांची माणसे जातात. 'मोत' हा शब्द बहुधा पोर्तुगीज भाषेतील डोंगरवाचक शब्दावरून आला असावा. लोकांनी त्यात मोती ऐकला, आणि तोही अर्थ तिला शोभला. पण देवळाबाहेरच्या दुकानांत जे मेणाचे हात, पाय, घरे विकावयास मांडलेली असतात त्यांच्या अर्थाविषयी कोणाचा मतभेद होत नाही. जो मेणाचा पाय वाहतो त्याचा पाय दुखत असतो. जो मेणाचे घर वाहतो त्यास घर हवे असते. आणि मुंबईत याहून सुबोध प्रार्थना दुसरी नसेल. सामान्य मनुष्य देवाजवळ व गाण्यात सहसा कोडी घालीत नाही.

मग कोडी घालतो कोण? स्पष्ट बोलावयाचे तर आपण, शिकलेली माणसे. इंग्रजी शिक्षणाने आपणांस आपल्या रूढींची लाज वाटू लागली. त्या लाजेतून दोन वाटा फुटल्या. एका वाटेने सुधारक गेले व त्यांनी रूढी टाकून दिल्या. दुसऱ्या वाटेने आपण गेलो. आपण रूढी ठेवल्या, मात्र त्यांस नवीन अर्थाची शाल पांघरली, आणि त्या शालीचे कापड पूर्वी तत्त्वज्ञानाचे असे, आता विज्ञानाचे असते. ज्येष्ठी पौर्णिमेस वडाची पूजा का? तर वड रात्रंदिवस प्राणवायू देतो म्हणून, असे आपण मुलांस सांगतो. वास्तविक वनस्पतींस प्राणवायू निर्माण करण्यास प्रकाश लागतो, व अंधारात वडही तुम्हांआम्हांसारखाच श्वासोच्छ्वास करतो. पण शास्त्र चुकले यापेक्षा मोठी चूक ही की सूत गुंडाळणारी स्त्री जे उघड मागत असते ते आपण ऐकत नाही. ती नवऱ्याचे आयुष्य मागते. कारण नवऱ्यामागे तिचे काय होई हे ती रोज डोळ्यांनी पाहत असे. १८५६ साली विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाल्यावरही न्हाव्याचा वस्तरा आपल्या घरांतून कित्येक दशके हिंडत होता. त्या भयाचा प्राणवायू करून टाकला म्हणजे आजोबा-पणजोबांस काही विचारावयाचे उरत नाही.

येथे एक आक्षेप येण्याजोगा आहे, व तो क्षुल्लक नाही. कोणी म्हणेल की गूढार्थाची ही रीत इंग्रजी शिक्षणाने आणलेली नसून आपल्या संतांची आहे. एकनाथांनी भारुडे लिहिली ती काय म्हणून? त्यांच्या एका प्रसिद्ध भारुडात सासरी गांजलेली सून देवीस नवस बोलते, आणि सासू, सासरा, नणंद अशा एकेकाचा काटा निघावा म्हणून साकडे घालते. तेथे घरातली माणसे म्हणजे जीवास बांधून ठेवणाऱ्या वृत्ती होत, हे सर्वमान्य आहे. मग भोंडल्यातील सासूने तेवढे रूपक का होऊ नये?

यास माझे उत्तर असे. एकनाथांनी तो अर्थ स्वतः घातला आहे. शब्द त्यांचा, संकेत त्यांचा, शेवटी नाममुद्राही त्यांची. तो त्यांच्यावर कोणी मागाहून लादलेला नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ते भारूड श्रोत्यांच्या काळजास भिडले ते त्यातील वेदान्तामुळे नव्हे. समोर बसलेल्या बायकांस सासुरवास ठाऊक होता म्हणून त्यांस प्रपंचाचे बंधन कळले. उघड अर्थ खरा होता, म्हणून गूढ अर्थास उभे राहण्यास जागा मिळाली. नाथांनी सासुरवास नाकारला नाही, तो त्यांनी तारण म्हणून घेतला. आपण मात्र उलट करतो. आपण गूढ अर्थ काढतो तो उघड अर्थाचे देणे बुडविण्यासाठी.

भोंडल्यातच वेड्या नवऱ्याचे एक गाणे आहे. बायको लाडू करते, तो चेंडू समजून खेळतो. ती करंज्या करते, तो होड्या समजून पाण्यात सोडतो. मुली हसून हसून फेर धरतात. शेवटी बायको निजलेली असते, आणि तो ती मेली असे समजून तिला जाळून टाकतो. म्युलरच्या पद्धतीने याचा उलगडा क्षणार्धात होईल. वेडा नवरा म्हणजे सूर्य, निजलेली स्त्री म्हणजे उषा, आणि दाह म्हणजे सूर्योदय! मी स्वतः एके वर्षी काहीसे असेच बोललो होतो हे मला आता आठवते. १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध दंडविधानात निराळे कलम घालावे लागले. १९८६ साली हुंडाबळीचे कलम आले तेव्हा मृत्यूची कारणे सांगताना भाजण्याचा उल्लेख करावा लागला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतूनही ती तरतूद गाळता आलेली नाही. जे कायद्यास इतक्या उशिरा लिहावे लागले ते परकऱ्या पोरी टाळ्या वाजवून म्हणत होत्या. मी ते गाणे भाकीत होते असे म्हणत नाही. तोही एक गूढार्थच होईल. त्या गाण्यात बाईच्या जिवाची किंमत किती धरली आहे ते उघड दिसते, व ते पाहण्यास कोणतीही किल्ली लागत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा की या गाण्यांस इतके गंभीरपणे घेऊच नये. ती खेळाची गाणी आहेत, गाणाऱ्या मुलींच्या मनात काही नसते. यात तथ्य आहे. आमच्या वसाहतीतील सात वर्षांच्या मुलीस सासर ठाऊक नाही व तिने ते जाणावे अशी माझी इच्छाही नाही. परंतु खेळ म्हणजे अर्थाचा अभाव नव्हे. ज्या घरात सुनेस सासूसमोर मान वर करून बोलता येत नसे त्याच घराच्या अंगणात वर्षातून थोडे दिवस तिला तेच मोठ्याने, चालीवर, दहाजणींच्या आवाजात आवाज मिसळून म्हणता येई. आणि ते खेळातले असल्यामुळे त्यावर कोणास रागावता येत नसे. बोलण्याची दुसरी जागा म्हणजे जाते. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या वेचल्या, सरोजिनी बाबर व दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासास प्रतिष्ठा दिली. आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅ यांच्या प्रयत्नाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. इतक्या ओव्यांत भाऊ आहे, माहेरची वाट आहे, लेकीचा जन्म आहे, सीतेचा वनवास आहे. सीतेचे नाव येते तेथेही म्हणणारी बहुधा स्वतःविषयीच बोलत असते, आणि हे ऐकणाऱ्या शेजारणीस कोणी समजावून द्यावे लागत नाही. म्हणजे या वाङ्मयात काही लपविलेले असलेच, तर ते शेजारणीपासून लपविलेले नाही. ते आपल्यापासून, म्हणजे घरातल्या पुरुषांपासून लपलेले राहिले. आणि तेही त्यांनी लपविले म्हणून नव्हे, तर आपण ऐकले नाही म्हणून.

याचा अर्थ हस्त नक्षत्र खोटे, हत्तीचा पाऊस खोटा, असा मुळीच नाही. शेतीवर जगणाऱ्या समाजाचा सण पावसाशी निगडित असावा हे स्वाभाविक आहे, आणि हत्ती मेघासारखा दिसतो हे कालिदासापासून चालत आले आहे. ते ज्ञान आनंदाचे आहे. माझी तक्रार क्रमाविषयी आहे. ज्याने गाणे म्हटले त्याचे म्हणणे प्रथम. आपली विद्वत्ता त्यानंतर, आणि त्याच्या संमतीने. साधा मनुष्य 'मला दुखते' म्हणतो तेव्हा 'यात फार खोल अर्थ आहे' असे म्हणून मान डोलावणे हा आदर नव्हे. औषध न देता केलेली ती स्तुती होय.

कारल्याच्या गाण्याचे दोन शेवट प्रचलित आहेत. एकात सर्वांच्या परवानग्या मिळाल्यावर सुनेची वेणीफणी होते व ती माहेरी निघते. दुसऱ्यात शेवटी नवरा काठी उचलतो. आमच्या अंगणात पहिला शेवट म्हणतात. आईस मी विचारले की सांगलीकडे तुम्ही कोणता म्हणत होता. ती म्हणाली, "दोन्ही. जिचा जसा असेल तसा."

आता एक कबुली देऊन हा लेख पुरा करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीच्या आईची शस्त्रक्रिया ठरली होती. पत्नीने चार दिवस आधी जाण्याचा विषय काढला, तेव्हा मी म्हणालो, मुलाची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, तेव्हा म्हणालो, निकाल लागू दे. ती गेली नाही असे नाही. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर गेली. मी कोणास छळणारा मनुष्य नाही, असे माझे व इतरांचेही मत आहे. आवाज न चढविता, अगदी सयुक्तिक कारणे देऊन मी बोललो होतो. आईची हकीकत ऐकल्यानंतर कित्येक दिवसांनी माझ्या ध्यानात आले की त्या वेळी मी त्या गाण्याचे एक कडवे म्हणत होतो, आणि ते सासूच्या वाट्याचे होते. आश्विनात हत्तीच्या पाटापुढे उभा राहून त्याच गाण्यात मी बीज, भूमी व सृष्टिक्रम पाहत होतो.

यंदाच्या भोंडल्यास मला पुन्हा दोन शब्द बोलावयास सांगितले आहे. मी नकार कळविला आहे, व माझ्याऐवजी वसाहतीतील वडील स्त्रियांपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी, हे गाणे त्यांनी प्रथम कोठे व कोणासमोर म्हटले ते सांगावे, असे सुचविले आहे. आई म्हणते, कोणी बोलणार नाही, सगळ्यांच्या सुना समोर असतील. तसे होईलही. मात्र पत्नीस तिच्या भावाकडे जावयाचे आहे, आणि त्याची तारीख या वेळी तिने मला विचारलेली नाही, नुसती सांगितली आहे.